आणीबाणीची फळी

ओसेक्काई, चिहारुच्या मते: माझे बाबा.

"अट एकच," चिहारु फोनवर आईला सांगत होती. "महिनाअखेरपर्यंत बाबांनी एकही ओसेक्काई करायची नाही. एक जरी कानावर आली, तरी मी बाळंतपणाला तिकडे येणार नाही. इथे सासूबाई आहेत. त्या कमी बोलतात."

फोनचा आवाज मोठा होता. तो इगावांनीच मोठा करून ठेवला होता, बायकोला बरं ऐकू यावं म्हणून. बायकोने तसं कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळे स्वतःची शिक्षा त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसून अगदी स्पष्ट ऐकू आली. ते मुळ्याचं लोणचं चावत होते. हे लोणचं कितीही हळू चावलं तरी वाजतंच, म्हणून त्यांनी चावणं थांबवून ते गालात तसंच धरून ठेवलं.

"ऐकतायत ना ते?"

"ऐकतायत," हिसाएबाई म्हणाल्या. "तोंड भरलंय."

"मग बरंय."

ओसेक्काई म्हणजे कुणी मागितली नसताना केलेली मदत. नसती उठाठेव. लष्करच्या भाकऱ्या. खलाच्या खाचांत अडकलेला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, खरवडायला एक लाकडी चाटू असतो, त्याच्यावरून हा शब्द आला असं काही जण सांगतात. जिथे बोट शिरत नाही तिथे तो शिरतो. हिसाएबाईंकडे असा चाटू होता. तो हातात घेतला की त्या काही न बोलता एकदा नवऱ्याकडे बघायच्या.

इगावांचं स्वतःबद्दलचं मत वेगळं होतं. त्यांची उभी हयात नगरपालिकेच्या उद्यान खात्यात गेली. हिवाळ्याच्या तोंडाशी पाइनच्या बुंध्यांना पेंढ्याचे पट्टे गुंडाळायचे, वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यायचे. एकाही झाडाने कधी 'मी सांगितलं होतं का?' असं विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसांशी गाठ पडली आणि तिथे घोळ झाला. चिहारुच्या नव्या घराची किल्ली एकदा दिवसभरासाठी त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी तिच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी उंचीप्रमाणे लावली, आणि जावयाच्या पुस्तकांतल्या खुणेच्या चिठ्ठ्या केर समजून काढून टाकल्या. जावई खात्याच्या परीक्षेला बसला होता. तो काही बोलला नाही. नापास मात्र झाला.

आता पहिलं नातवंड येणार. पोरीने माहेरी यायचं, बाळ याच घरात न्हायचं, आजोबांनी टबातल्या पाण्यात कोपर बुडवून ऊन-कोमट बघायचं, याची इगावांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा तालीम केली होती. कोपर तयार होतं.

आणि पंच कोण, तर हिसाएबाई. हिसाएबाई खोटं बोलत नाहीत, हा वसाहतीत सगळ्यांना ठाऊक असलेला उपद्रव होता. मासेवाल्याने हौसेने विचारावं, "कालचा बांगडा कसा होता?" तर त्या "शिळा" म्हणायच्या आणि पुन्हा त्याच्याकडूनच घ्यायच्या.

"गप्प राहायचं एवढंच ना?" इगावा म्हणाले. "राहतो. त्यात काय मोठंसं."

"बघू."

"तू तिला सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

"ती विचारणारच."

"मग सांगणारच."

*

ओसेक्काई, हिसाएबाईंच्या मते: हात मोकळे राहिले की होणारा आजार.

पहिले काही दिवस इगावांनी जे सोसलं ते त्यांचं त्यांना माहीत. तळमजल्यावरच्या विद्यार्थ्याने जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत काचेची बाटली टाकली, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर घालायची जाळी कुणीतरी अर्धवटच ओढली, त्यांनी स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. दुकानात एक बाई कच्चंच पर्सिमनचं फळ निवडत होती. ते दुकानातून काही न घेता बाहेर पडले. एवढा संयम तरुणपणी दाखवला असता तर खातेप्रमुख झाले असते, असं त्यांना वाटून गेलं.

मग तो रविवार उजाडला. हिसाएबाई गाण्याच्या मंडळात गेल्या होत्या. ऊन चांगलं होतं, आणि शेजारच्या बाल्कनीच्या कठड्यावर ओरितोंची गादी वाळत घातलेली होती.

ओरितो म्हणजे पलीकडच्या घरातले पन्नाशीचे गृहस्थ. फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत काम करायचे. जिन्यात भेटले तर "नमस्कार" म्हणायचे, फार झालं तर "गारठा आहे." त्याच्यापुढे गाडी जायची नाही. त्यांची म्हातारी आई वसंतात वारली, हे भिंतीला भिंत असून इगावांना सगळे विधी उरकल्यावर कळलं, आणि याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. आई गेल्याचं नव्हे, वेळेवर न कळल्याचं. दर उघडिपीच्या रविवारी ओरितो ती गादी उन्हात घालायचे. निळी, विटलेली, वर बाणाच्या पिसांची पांढरी नक्षी. मग दुपार टळायच्या आत, क्लिपा काढून, घडी घालून आत.

आज दुपार टळली. गादी तिथेच. ओरितो सकाळीच छोटी पिशवी घेऊन बाहेर पडलेले इगावांनी पाहिले होते (पाहणं ही ओसेक्काई नव्हे).

(इथे पाऊस येतो.)

आधी थेंबथेंब, नोव्हेंबरात येतो तसा, लोक नुसती मान वर करतील इतपत. इगावा बाल्कनीत आले. स्वतःचे कपडे आत घेतले. मग शेजारी पाहिलं. मग पाहायचं नाही असं ठरवलं. मग आत जाऊन चहा ओतला आणि पेला हातात घेऊन परत बाहेर आले.

मधे एक फळी होती. प्रत्येक दोन बाल्कन्यांच्या मधे असते तशी पातळ पांढरी फळी, आणि तिच्यावर छापलेलं: आणीबाणीच्या प्रसंगी ही फळी फोडून शेजारी जावे. इगावांना हे वाक्य फार आवडायचं. अख्ख्या वसाहतीत शेजाऱ्याच्या घरात घुसा असं सांगणारा सरकारी मजकूर एवढा एकच.

पण त्यांनी फळीला हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्यांनी कपडे वाळत घालायची लांब काठी घेतली, कठड्यावरून वाकून पलीकडे घातली, आणि गादी आतल्या बाजूला ढकलायला गेले. ती गेली बाहेरच्या बाजूला. एक क्लिप उडाली. गादी अर्धी घसरून चार मजले उंचावर एका क्लिपेच्या जिवावर लोंबू लागली.

आता मात्र परिस्थिती बदलली. पावसाने भिजणारी गादी हा शेजाऱ्याचा खाजगी मामला होता. आपल्या काठीने पडणारी गादी हा आपला मामला. इगावांनी पेला खाली ठेवला, वाक्य पुन्हा एकदा वाचलं, आणि लाथ मारली.

फळी फुटते म्हणजे सिनेमात फुटते तशी फुटत नाही. पायापुरतं भोक पडतं आणि पाय त्यात अडकतो. चप्पल पलीकडे पडली, इगावा अलीकडे एका पायावर उभे राहिले, आणि खालच्या रस्त्यावरून, छत्रीखालून, दुसऱ्या मजल्यावरच्या उनोबाई वर बघून म्हणाल्या, "इगावासान, व्यायाम?"

"हो!"

"पावसात?"

"पावसातच करतात हा!"

*

गादी वाचली. भोक मोठं करून इगावा पलीकडे गेले आणि ती घेऊन आले, घाईत चप्पल मात्र तिकडेच राहिली. एक कोपरा ओला झाला तेवढाच. इगावांनी तो हेअर ड्रायरने वाळवला, गादीची नीट घडी घातली आणि आतल्या खोलीतल्या सरकत्या दाराच्या कपाटात, जुन्या पांघरुणांच्या मागे ठेवून दिली. फळीच्या भगदाडापुढे उन्हाळ्यात लावायचा बांबूचा पडदा टांगला. मग ओरितोंच्या दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकली:

गादी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. घाबरू नये. कुणाला सांगू नये. इगावा.

शेवटचं वाक्य हिसाएबाईंच्या धास्तीने घातलं होतं. चिठ्ठी दारापलीकडे टप्प असं पडल्यावर त्यांना वाटलं, आपण हे नक्की कुठल्या धंद्यातली माणसं लिहितात तसं लिहिलं?

संध्याकाळी ओरितो आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. झालं होतं असं, की ते ओनोमिचीला थोरल्या बहिणीकडे गेले, तिथे बहिणीची कंबर धरली, तिला उठता येईना, आणि ते तिथेच अडकले. एखादा माणूस शेजाऱ्याला फोन करून "तेवढी गादी आत घ्या" म्हणाला असता. पण तेवढ्यासाठी शेजाऱ्याला त्रास द्यायचा, हे ओरितोंच्या रक्तात नव्हतं. पाऊस पडताना त्यांनी बहिणीच्या खिडकीतून तो नुसता पाहिला.

*

ओसेक्काई, उनोबाईंच्या मते: मी तशातली नाही, पण सांगते.

"मी तशातली नाही हो," उनोबाई कचऱ्याच्या जाळीपाशी म्हणाल्या, "पण नोव्हेंबरात बांबूचा पडदा?"

"ऊन लागतं."

"उत्तरेकडून?" त्यांनी आवाज खाली आणला. "इगावासान, मी पाय पाहिलाय. सरळ वसाहतीच्या कचेरीत जा, फळी फुटली म्हणून सांगा, मोकळे व्हा. माझ्या दिरांनी शॉवर फुटला ते लपवलं होतं. शेवटी खालच्या मजल्यावर मासे पाळता येतील एवढं पाणी झालं."

"हिसाएला काही बोलू नका."

"मी? मी कशाला बोलू?"

इगावा घरी गेले आणि सुचू नये तेच त्यांना सुचलं. उनोबाईंचं तोंड बंद राहावं म्हणून त्यांनी लाल चवळीच्या सारणाच्या मिठाईचा डबा नेऊन दिला. आता, मिठाई दिली की परतभेट येणारच, हे वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगेल. निम्म्या रात्री उठवून विचारलं असतं तर इगावांनीही सांगितलं असतं. पण अपराधी माणसाला रीतभात आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी उनोबाई संत्र्यांची पिशवी घेऊन दारात. दार उघडलं हिसाएबाईंनी.

"मिठाई फारच छान होती हो!"

"कुठली मिठाई?" हिसाएबाईंनी दार लागल्यावर विचारलं.

इगावा पेचात पडले. 'मी त्यांची पिशवी उचलून दिली' म्हणावं तर ती ओसेक्काई. 'दिवा बदलून दिला' म्हणावं तर ती ओसेक्काई. त्यांच्या आयुष्यात कुणाला मिठाई द्यायचं ज्याला ओसेक्काई म्हणता येणार नाही असं एकही कारण शिल्लक नव्हतं.

"मी त्यांच्या पायावर पाय दिला," ते म्हणाले.

"कधी?"

"जिन्यात. जोरात."

हिसाएबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि नुसती मिठाई देऊन आलात? त्या लंगडत असतील!" त्यांनी औषधी मलमाच्या पट्ट्या आणि स्वतःच्या हातचं लोणचं बांधलं, आणि नवऱ्याला घेऊन खाली गेल्या, दोघांनी कमरेत वाकून माफी मागायला. उनोबाईंनी इगावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या तशातल्या नव्हत्या. त्या लगेच लंगडू लागल्या.

"डावा की उजवा?" हिसाएबाईंनी पट्ट्या पुढे करत विचारलं.

"डावा," उनोबाई म्हणाल्या.

"उजवा," इगावा त्याच वेळी म्हणाले.

"दोन्ही दुखतात," उनोबाई म्हणाल्या.

परतभेट म्हणून दोन दिवसांनी भाजलेला रताळ्यांचा केक आला.

*

वसाहतीच्या कचेरीत जे बोलणं झालं ते असं. काचेपलीकडे बाह्यांना कापडी आवरणं चढवलेल्या हामाजीबाई. अलीकडे इगावा, टोपी हातात.

"फळी फुटली."

"आग लागली होती?"

"नाही."

"भूकंप?"

"झाला होता मध्यंतरी. छोटा."

"तेव्हा फुटली?"

"नाही. पाऊस होता तेव्हा."

"पाणी घरात शिरलं?"

"गादीवर पडत होतं."

"तुमच्या."

"शेजाऱ्यांच्या."

"त्यांनी हाक मारली."

"ते घरी नव्हते."

हामाजीबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे, इगावासान, चूक असेल तर सांगा. शेजारी घरी नाहीत असं बघून तुम्ही फळी फोडलीत, त्यांच्या बाल्कनीत शिरलात आणि गादी घेऊन आपल्या घरी आलात."

इगावांनी वाक्यात चूक शोधली. सापडली नाही.

"चहा गरम होता माझा," ते उगाचच म्हणाले. "अर्धाच प्यायलो होतो."

"आणीबाणीत गादी बसत नाही."

"बसवता येणार नाही?"

"मग उद्या लोक मोज्यांसाठी फळ्या फोडतील." बाई काही निर्दय नव्हत्या. त्यांनी सुस्कारा सोडला. "शेजारी आले की त्यांची संमती आणा."

"फोडायला?"

"फोडून झालीय. बसवायला. फळी दोघांच्या मधली आहे, दोघांनी हो म्हणायला लागतं. तुमच्या घरी फोन करून कळवू का कधी यायचं ते?"

"घरी नको!" हा शब्द इतक्या मोठ्याने आला की मागे रांगेतल्या माणसाने मासिक मिटलं. "बायकोला... माहीत नाही."

हामाजीबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. एका गादीपायी किती संसार फाटतात हे त्यांनी या काचेमागून पुष्कळ पाहिलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेजारी... बाई आहेत का?"

इगावांचा स्वाभिमान तिथल्या तिथे, त्या काचेपुढे, खाली बसला.

*

जे बोललं गेलं नाही.

इगावांनी गादीबद्दल हिसाएबाईंना विचारलं नाही. कारण विचारायचं तर सांगावं लागलं असतं.

हिसाएबाईंनी गादीबद्दल इगावांना विचारलं नाही. चिहारु येणार म्हणून त्यांनी सरकत्या दाराचं कपाट आवरायला काढलं, आणि पांघरुणांमागे त्यांना ती दिसली. शुद्ध जुन्या कापसाची, जड, हल्ली मिळत नाही तशी गादी. कुठून आणली असेल यांनी? तर उघड होतं. बाळासाठी. जुना कापूस पिंजून बाळाची गादी करायची पद्धत आहे, ती यांच्या ध्यानात राहिली. आणि एरवी टाचणी आणली तरी घरभर जाहीर करणाऱ्या या माणसाने हे एक काम मुकाट्याने केलं, लपवून ठेवलं, वाढदिवसाच्या भेटीसारखं. हिसाएबाईंचे डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने न बोलता केलेली ही पहिलीच गोष्ट. आपणही न बोलता तिचा मान ठेवावा, असं त्यांनी ठरवलं.

त्याच आठवड्यात कापूस पिंजणाऱ्या दुकानाची गाडी भोंगा लावून वसाहतीत फिरत होती.

जोवर त्या घरात सगळं बोललं जात होतं तोवर काही बिघडलं नव्हतं. ते घर गप्प बसलं आणि गादी गेली.

*

इगावांनी कपाट उघडलं तेव्हा पांघरुणांमागे पांघरुणंच होती.

त्यांनी दुसरं दार सरकवून पाहिलं. पलंग नाही त्या घरात पलंगाखाली पाहिलं, म्हणजे चटईवर आडवं होऊन टेबलाखाली. मग उनोबाईंवर संशय घेतला. मग स्वतःवर घेतला. रात्री झोपेत परत नेऊन ठेवली की काय म्हणून बांबूचा पडदा बाजूला करून भगदाडातून डोकं घातलं. पलीकडे त्यांची चप्पल होती. त्यांनी ती तशीच राहू दिली. आता त्या घरातून आणखी काही उचलायची त्यांची हिंमत नव्हती.

"काही शोधताय?" हिसाएबाई हसून विचारायच्या.

"नाही."

"बरं, नाही तर नाही." आणि पुन्हा हसायच्या. असं हसणं इगावांनी लग्नाच्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. ते घाबरले.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दारावर घंटी वाजली, दुकानाचा माणूस गाठोडं देऊन गेला, आणि हिसाएबाईंनी नवऱ्याला चटईवर बसवून गाठोडं उघडलं. आत बाळाची इवलीशी गादी होती, पिवळ्या कापडाची, वर ससे. शिवाय उरलेल्या कापसाची बसायला दोन आसनं. त्यांना दुकानदाराने जुनंच कापड लावलं होतं: निळं, विटलेलं, बाणाच्या पिसांचं.

"मला सगळं कळलं होतं," हिसाएबाई पदर नसलेल्या ब्लाऊजच्या बाहीने डोळे टिपत म्हणाल्या. "तुम्ही बोलला नाहीत. म्हणून मीही बोलले नाही."

इगावांनी ससे पाहिले. बाणांची पिसं पाहिली. त्यांच्या तोंडातून आवाज आला तो मुळ्याच्या लोणच्यासारखा.

"अहो? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. पावसापासून, काठीपासून, लाथेपासून. बांबूचा पडदा बाजूला करून भगदाड दाखवलं. हिसाएबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावतील म्हणून इगावांनी मान आधीच खाली घातली होती. पण त्या रागावल्या नाहीत. त्या हळूहळू पांढऱ्या पडत गेल्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुम्ही न विचारता माणसाची गादी आणलीत."

"हो."

"आणि मी न विचारता ती कापली."

यावर इगावांना बरंच काही बोलता आलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पंच बाद झाला होता. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत पुन्हा घंटी वाजली.

*

दारात ओरितो उभे होते. खांद्याला पिशवी, एका हातात इगावांची चप्पल, दुसऱ्या हातात चिठ्ठी. त्यांनी दोघांना नमस्कार केला. चिठ्ठी पुढे केली.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

इगावांना घाम फुटला. ओरितो विनोद करतात की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे आधीचं उदाहरणच नव्हतं.

दोघं नवरा-बायको जमिनीला डोकं टेकवून बसले. हिसाएबाईंनी सगळं सांगितलं, त्यांना अर्धवट सांगता येत नाही तसं. दुकानाची गाडी, पिंजण, ससे. बोलून झाल्यावर त्यांनी ती बाळाची गादी आणि दोन आसनं ओरितोंच्या समोर ठेवली.

ओरितो बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मानाने ते नेहमीचंच होतं, म्हणून काही कळेना. त्यांनी एक आसन उचललं, नाकाशी नेलं, परत ठेवलं. बाळाच्या गादीवर तळहात दाबून पाहिला. तिने तो परत वर ढकलला.

"ती अशी राहिली नव्हती," ते म्हणाले. "पार बसली होती. आई शेवटी तिच्यावरच होती ना. मी उन्हात घालायचो, पण कापूस उठायचा नाही. पिंजायला द्यायला हवी होती." थोडं थांबून, "पण दिली असती तर कापड बदललं असतं. म्हणून दिली नाही."

हिसाएबाईंना हुंदका आला. इगावांनी रुमाल पुढे केला. तो त्यांना नको होता, तरी केला.

"आसनं मी नेतो," ओरितो म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. महिना संपला होता. चिहारु वेळेची पक्की, आईवर गेली होती.

"आई! मग? बाबांनी काही केलं?"

फोनचा आवाज मोठा होता. ओरितोंना तो जाताना ऐकू आला, आणि चप्पल हातात धरलेल्या इगावांनाही. इगावांनी बायकोकडे पाहिलं. खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. तसं त्यांनी नुसतं पाहिलं.

"केलं," हिसाएबाई म्हणाल्या.

इगावांना टबातलं पाणी दिसलं, आणि त्यात बुडलेलं दुसऱ्या कुणाचं तरी कोपर.

"आणि मीही केलं," हिसाएबाई म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा मोठं." आणि त्यांनी तेही सगळं सांगितलं.

"आई," चिहारु शेवटी म्हणाली, "तू?"

"मी."

"मग मी कुणावर विश्वास ठेवू? मी इथेच राहते बाई. सासूबाईंकडे निदान—"

"माफ करा," असा आवाज आला.

ओरितो परत आत आले होते. बूट न काढता, ही एक गोष्ट. कुणाच्या घरात न बोलावता, ही दुसरी. ते फोनवर वाकले, तिकीट खिडकीच्या भोकाशी वाकतात तसे.

"मी शेजारचा ओरितो. ती गादी माझ्या आईची होती. आता तुमच्या बाळाची आहे, ती तिकडे पाठवली तर मला दिसणार नाही. वसंतापासून तिच्यावर कुणी झोपलेलं नाही." त्यांनी श्वास घेतला. एवढं ते एका दमात वर्षभरात बोलले नसतील. "तुम्ही इकडे या. माझा यात काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण या."

मग त्यांना आपले बूट दिसले. ते लाल झाले, वाकून वाकून मागे सरले आणि दार लावून निघून गेले.

फोनवर चिहारु हसत होती की काय, ते सांगता येत नव्हतं.

"तिसरे पण?" ती म्हणाली. "त्या वसाहतीच्या पाण्यातच काहीतरी आहे. येते मी. तुमच्या सगळ्यांवर लक्ष ठेवायला तिथे कुणीतरी हवंच."

हे लक्ष ठेवणं कुणी मागितलं होतं का, असा प्रश्न इगावांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो लोणच्यासारखा गालात धरून ठेवला.

*

ओसेक्काई, वसाहतीच्या कचेरीच्या मते: अन्य.

हामाजीबाई स्वतः भगदाड बघायला आल्या. सोबत माप घेणारा माणूस.

"तुमच्याकडे आणीबाणी होती का?" त्यांनी ओरितोंना विचारलं.

"होती."

"कसली?"

"गादी भिजत होती."

हामाजीबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, ओरितो बाई नाहीत याची मनात नोंद घेतली, आणि कारणाच्या रकान्यात 'अन्य' असं लिहून घेतलं. नवी फळी आली. जुनीपेक्षा पांढरी, वर तेच वाक्य, ताज्या लाल अक्षरात.

चिहारु आली, नवं वर्ष लागलं, बाळ झालं. मुलगी. पहिल्या आंघोळीला इगावांनी कोपर बुडवलं, "जरा कोमट कर" म्हणाले, आणि चिहारुने "पाणी ठीक आहे, बाबा" म्हणून सांगितलं. ओरितो दर रविवारी आपली दोन आसनं कठड्यावर वाळत घालायचे, आणि मग सशांच्या गादीवर झोपलेलं बाळ बघायला यायचे. बसायचे, बघायचे, "झोपलंय" म्हणायचे आणि जायचे.

फेब्रुवारीतली एक दुपार. हिसाएबाई चिहारुला घेऊन दवाखान्यात तपासणीला गेल्या होत्या. बाल्कनीत लंगोट आणि दुपटी ओळीने वाळत होती. इगावा बाळाशेजारी चटईवर आडवे झाले होते, बाळ त्यांची करंगळी मुठीत धरून झोपलं होतं.

"इगावासान," फळीपलीकडून आवाज आला. "पाऊस येईल. दुपटी आत घ्या."

इगावांनी मान उंचावून खिडकीतून आभाळ पाहिलं. लख्ख. त्यांना राग आला. स्वतःच्या नातीची दुपटी कधी घ्यायची हे आता शेजाऱ्यांनी सांगायचं! वाळतायत, वाळू द्यावीत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो तो हा असा. जगात लोकांना स्वतःची कामं नाहीत का?

"आभाळ स्वच्छ आहे," ते शक्य तितक्या थंडपणे म्हणाले.

"पश्चिमेकडून येतोय. मी बोटींच्या धक्क्यावर असतो. मला कळतं."

"आमचं आम्ही बघू."

मग पाऊस आला. थेंबथेंब नाही, एकदम.

इगावांनी करंगळी सोडवायला पाहिली. मूठ आणखी घट्ट झाली. बाळाचा ओठ थरथरला. तास दीड तास खेळवून आत्ता कुठे झोपलेलं. बाहेर एकेक दुपटं काळं पडत चाललं होतं.

"इगावासान," पलीकडून, अगदी अदबीने. "आणीबाणी आहे का?"

इगावांनी करंगळीकडे पाहिलं. दुपट्यांकडे पाहिलं. कचेरीने नुकत्याच बसवलेल्या कोऱ्या पांढऱ्या फळीकडे पाहिलं.

"आहे," ते कुजबुजल्यासारखं म्हणाले. "पण मधोमध नका मारू. पाय अडकतो. खाली, डाव्या कोपऱ्यात मारा. आणि चप्पल काढून."